पोरांच्या पुस्तकातले पेशीविभाजन आणि आपली धानाची बांधी



तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी अकरावी-बारावीला सायन्स घेऊन शिकत असेल, तर आज संध्याकाळी त्याला सहज विचारा, "जीवशास्त्रात सध्या काय चालू आहे?" मायटोसिस, मायोसिस, मेंडेल, क्रोमोसोम असे चार शब्द कानावर पडतील. पोर ते पाठ करीत बसलेले असेल. तुम्ही म्हणाल, हे इंग्रजी प्रकरण, आपल्याला त्यातले काय कळणार!

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. हा धडा पोरापेक्षा तुमच्या जास्त ओळखीचा आहे. भंडारा जिल्ह्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवतो. कोणते बियाणे घरचे ठेवायचे, कोणते दरवर्षी विकत घ्यायचे आणि लग्न जुळवताना रक्ताची कोणती तपासणी करायची, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ह्याच धड्यात आहेत. पोराला हा धडा पाठ करू देऊ नका, बांधीवर नेऊन समजू द्या. आणि समजून घेताना तुम्हीही शेजारी बसा.

एका पेशीच्या दोन पेशी

भिंत जशी विटांची, तसे प्रत्येक झाड, जनावर आणि माणूस पेशींचे बनलेले असते. धानाचा दाणा भिजत घातला की अंकुर फुटतो, मूळ निघते, पऱ्हे हिरवेगार होतात. ही वाढ होते ती एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा होत गेल्यामुळे. ह्यालाच पेशीविभाजन म्हणतात.

पेशीच्या पोटात एक केंद्रक असते आणि त्यात धाग्यासारखी गुणसूत्रे असतात. इंग्रजीत त्यांनाच क्रोमोसोम म्हणतात. झाड उंच होणार की बुटके, दाणा बारीक की जाड, धान हलके की भारी, हे सारे ह्या धाग्यांवर लिहिलेले असते. त्यातला एकेका गुणाचा मजकूर म्हणजे जनुक. धानाच्या प्रत्येक पेशीत २४ गुणसूत्रे असतात, कांद्याच्या १६, गव्हाच्या ४२, गाईच्या ६० आणि माणसाच्या ४६.

ही गुणसूत्रे बैलांसारखी जोडीने असतात. धानाच्या २४ म्हणजे १२ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक बापाकडून, म्हणजे परागकणातून आलेले, आणि दुसरे आईकडून, म्हणजे फुलातल्या बीजांडातून आलेले.

मूळ, खोड, पान वाढताना पेशी आधी आपल्या सर्व धाग्यांची हुबेहूब नक्कल करते, आणि मग एकेक प्रत दोन्ही पेशींना वाटून देते. २४ च्या पेशीतून पुन्हा २४-२४ च्या दोन पेशी होतात. हे सूत्री विभाजन, म्हणजे मायटोसिस. तलाठ्याकडून सात-बाराची नक्कल घ्यावी तसा प्रकार. मजकूर तोच, प्रती दोन.

ह्याचा शेतीत उपयोग कोणता? उसाची कांडी लावतो, हळद-आल्याचे कंद लावतो, केळीचे मुनवे लावतो, आंब्याचे कलम करतो, तेव्हा नवे झाड ह्याच नकलेच्या विभाजनातून वाढते. म्हणून कलमाचा आंबा मूळ झाडासारखाच निघतो. कोयीपासून वाढवलेल्या झाडाची मात्र तशी खात्री नसते, कारण बहुतेक वेळा कोय फुलातून, दोन घरच्या मिलाफातून येते. मिलाफ म्हटला की वाटणी आली, आणि ती कशी होते ते आता पाहू.

जोडी फुटते ती फुलात

धान निसवतो, लोंबी बाहेर पडते. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला बांधावर बसून लोंबीकडे नीट पाहा. इवलीशी फुले उघडतात, पिवळसर परागकोष बाहेर लोंबतात, आणि थोड्या वेळात फूल पुन्हा मिटते.

परागकण आणि बीजांड तयार होताना पेशी वेगळ्या तऱ्हेने विभागते. तिथे जोड्या फुटतात. प्रत्येक जोडीतला एकच बैल पुढे जातो. म्हणून परागकणात २४ नव्हे, १२ गुणसूत्रे असतात आणि बीजांडातही १२. दोघे एकत्र आले की पुन्हा २४. हे अर्धसूत्री विभाजन, म्हणजे मायोसिस. ही निम्मी वाटणी झाली नसती, तर २४ चे पुढच्या पिढीत ४८ आणि त्यापुढे ९६ झाले असते.

ह्यात खरी मेख अशी की कोणत्या जोडीतला कोणता बैल पुढे जाईल, ह्याला नियम नाही. पहिल्या जोडीतला आईकडचा गेला, तर दुसऱ्या जोडीतला बापाकडचा जाऊ शकतो. एका जोडीचे दोन प्रकार, दोन जोड्यांचे चार, तीन जोड्यांचे आठ. धानाच्या बारा जोड्यांचे ४,०९६ प्रकार होतात. शिवाय फुटण्याआधी जोडीतले धागे एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, ती वेगळीच. म्हणजे सूत्री विभाजन ही नक्कल, तर अर्धसूत्री विभाजन ही पत्ते पिसून केलेली वाटणी.

दोऱ्यांचा खेळ

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरे कांद्याच्या मुळीचे टोक कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मुळ्या तुम्ही घरीही उगवू शकता. पाणी भरलेल्या पेल्यावर कांदा असा ठेवा की बूड पाण्याला टेकेल. तीन-चार दिवसांत पांढऱ्या मुळ्या फुटतात. त्यांच्या टोकाशी पेशी सतत दोनाच्या चार होत असतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण समजण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतोच असे नाही. घरातला लाल आणि पांढरा दोरा पुरे.

वीतभर लांब एक लाल, एक पांढरा आणि चार बोटे लांब एक लाल, एक पांढरा असे चार दोरे कापा. लाल आईकडचे, पांढरे बापाकडचे. ह्या झाल्या दोन जोड्या. आता प्रत्येक दोऱ्याशेजारी त्याच रंगाचा, त्याच लांबीचा आणखी एक दोरा ठेवून दोघांना मधोमध एका बारीक सुतळीने बांधा. ही झाली नक्कल.

इथेच पोरे चुकतात. दोरे आठ झाले म्हणून गुणसूत्रे आठ झाली, असे लिहून येतात. त्यांना एवढेच सांगा, "बाळा, गाठी मोज, दोरे मोजू नको." गाठी चारच आहेत, म्हणून गुणसूत्रे चारच. गाठ सुटून दोरे वेगळे झाले की मग प्रत्येक दोरा एक गुणसूत्र.

आता सूत्री विभाजन करा. चारही गाठी एका ताटात ओळीने मांडा. गाठी सोडा आणि प्रत्येकीतला एक दोरा डावीकडे, एक उजवीकडे सरकवा. दोन्हीकडे चार-चार दोरे येतील, रंग आणि लांबीही तीच. नक्कल पुरी झाली.

पुन्हा गाठी बांधा आणि अर्धसूत्री विभाजन करा. ह्या वेळी लांब लाल आणि लांब पांढरा समोरासमोर आणा, आखूड लाल आणि आखूड पांढरा समोरासमोर आणा. पहिल्या खेपेला गाठ सोडायची नाही, फक्त जोडी फोडायची. दोन्हीकडे दोन-दोन गाठी जातील. दुसऱ्या खेपेला गाठी सोडायच्या. आता चार वाट्यांत दोन-दोन दोरे येतील. मग सारा खेळ पुन्हा मांडा, पण ह्या वेळी आखूड जोडीच्या बाजू उलट करा. आधी लांब लाल दोऱ्याबरोबर आखूड लाल गेला असेल, तर आता आखूड पांढरा जाईल. पहिल्या खेपेला जोडी फुटते, दुसऱ्या खेपेला गाठ सुटते. हे एक वाक्य पोराच्या ध्यानात राहिले तर परीक्षेतले निम्मे गोंधळ मिटतात.

कोणते बियाणे घरचे ठेवावे?

आता मुद्द्यावर येऊ. धानाचे फूल उघडते तेव्हा त्याचे पराग बहुतांशी त्याच फुलातल्या कुक्षीवर पडतात. म्हणजे धान स्वतःच्याच घरात लग्न लावणारे पीक आहे. पिढ्यान्‌पिढ्या असे झाले की जोडीतले दोन्ही धागे सारखेच होऊन जातात. मग पत्ते कितीही पिसले तरी दोन्हीकडचे पान एकच. म्हणून आपला चिन्नोर, जया किंवा साकोलीच्या संशोधन केंद्राचे सुधारित वाण, ह्यांचे घरचे बियाणे पुढच्या वर्षीही तसेच उगवते. शेजारच्या वाणाचे पराग क्वचित येतात, म्हणून बियाण्याच्या बांधीभोवती दुसऱ्या वाणापासून ३ मीटर अंतर राखायला सांगतात.

संकरित धानाची गोष्ट वेगळी. त्यात दोन वेगळ्या वाणांचे आई-बाप मुद्दाम एकत्र आणलेले असतात. प्रत्येक जोडीत एक धागा एका वाणाचा, दुसरा दुसऱ्याचा. पहिल्या पिढीतली सारी झाडे एकसारखी आणि जोमदार येतात. ते पीक पाहून मोह होतो की ह्यातलेच दोन पोते बियाण्याला ठेवू आणि बियाण्याचा खर्च वाचवू. पण त्या झाडांच्या फुलांत जोड्या फुटतात आणि पत्ते पिसले जातात. पुढच्या वर्षी त्याच बांधीत कोणते झाड उंच, कोणते बुटके, कोणते आधी निसवलेले, कोणते अजून पोटरीत. कापणी एका वेळी करता येत नाही, दाणा मिळताजुळता राहत नाही, गिरणीत तुकडा जास्त पडतो आणि उतारा घटतो. बियाण्याची पिशवी वाचते, पण हंगाम हातचा जातो. दुकानदार किंवा कंपनी दरवर्षी घ्या म्हणते त्यात तिचा धंदा आहे हे खरे, पण त्यामागे निसर्गाचा नियमही आहे.

हा नियम ऑस्ट्रियाच्या राज्यातील ब्रून गावच्या मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल ह्यांनी वाटाण्याची झाडे मोजून मोजून काढला आणि १८६५ साली विद्वानांपुढे मांडला. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९०० साली तो पुन्हा उजेडात आला, तेव्हा मेंडेल जाऊन सोळा वर्षे झाली होती.

वाटाण्यात दिसले तेच धानात दिसले. १९६२ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत 'पेटा' हे उंच धान आणि 'डी-जिओ-वू-जेन' हे बुटके धान ह्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच निघाली. बुटकेपणा गेला कुठे? गेला नव्हता, लपला होता. दुसऱ्या पिढीत जवळपास चौथा हिस्सा झाडे बुटकी निघाली. त्यातून निवड करीत आठव्या संकरातला वाण १९६६ साली 'आयआर-८' म्हणून बाहेर आला. खत दिले तरी न लोळणारे धान आशियाला मिळाले ते असे.

पाव हिस्साच का? दोन नाणी घ्या. छाप म्हणजे उंचपणाचा धागा, काटा म्हणजे बुटकेपणाचा. दोन्ही नाणी एकदम शंभर वेळा उडवून लिहून ठेवा. दोन्ही छाप साधारण पाव वेळा, एक छाप एक काटा निम्म्या वेळा आणि दोन्ही काटे पाव वेळा पडतील. उंचपणा जोरकस असल्याने एक छाप असली तरी झाड उंच. दोन्ही काटे आले तरच बुटके. हा पाव, अर्धा, पाव असा हिशेब लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा लागणार आहे.

तीन वेगळ्या लोंब्या

ज्याने हे पुस्तक कधी वाचले नाही, पण बांधी वाचली, असा एक माणूस आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात होऊन गेला. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण प्राथमिक शाळेतच सुटलेले, जमीन थोडी.

१९८३ साली 'पटेल-३' ह्या वाणाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंगाला पिवळसर, दाणा बारीक. दुसरा कोणी असता तर भेसळ म्हणून उपटून टाकल्या असत्या, नाहीतर चुरणीत ढिगात गेल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या आणि वर्षामागून वर्ष निवडत, वाढवत गेले. त्यातून जे धान आले त्याला त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळाचे 'एचएमटी' हे नाव पडले. आज आपल्या कोणत्याही बाजारात विचारा, ते नाव माहीत नसलेला व्यापारी सापडणार नाही. पुढे कृषी विद्यापीठाने त्यातून शुद्ध निवड करून 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण दिला. २००५ साली दादाजींना राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम ह्यांच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. धान लाखो घरांत शिजले, पण त्यामानाने पैसा त्यांच्या पदरात पडला नाही, ही खंत राहतेच.

वेगळी लोंबी येते कशी? कोट्यवधी वेळा नक्कल होताना कधीतरी एखादे अक्षर चुकते आणि गुण बदलतो. कधी दुसऱ्या वाणाचा चुकार पराग येऊन पडतो. अशी लोंबी लाखात एखादी असते आणि बहुतेक वेळा कामाची नसते. पण धान आपल्याच परागाने फळत असल्याने, चांगली सापडली तर पाच-सहा पिढ्या वेगळी लावून निवडली की गुण स्थिर होतो. प्रत्येक पिढीत जोडीतला वेगळेपणा निम्म्याने घटतो. सहा पिढ्यांनंतर चौसष्टावा हिस्सा उरतो. दादाजींना वर्षे लागली ती ह्यासाठी, आणि शास्त्रज्ञांनाही लागतात.

हेही माहीत असू द्या. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाण ब्रँडचे लेबल लावून विकता येत नाही. शेतकऱ्याने स्वतः काढलेल्या वाणाची नोंदणीही ह्या कायद्यात करता येते.

हाच हिशेब घरात

आता तो पाव, अर्धा, पाव हिशेब पुन्हा काढा. कारण तो धानापुरता नाही.

विदर्भात, विशेषतः आपल्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. रक्ताच्या लाल पेशी गोल असतात. ह्या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, सांधे आणि पोट भयंकर दुखते, रक्त कमी पडते. हा विटाळ नाही, शाप नाही आणि कोणा एका जातीचा दोषही नाही. एका जनुकातले एक अक्षर फार पूर्वी बदलले, एवढेच त्याचे मूळ. ज्याच्या जोडीत एकच धागा बदललेला असतो, त्याला मलेरियापासून काही संरक्षण मिळते. म्हणून जंगलपट्ट्यात, जिथे मलेरिया होता, तिथे तो धागा टिकून राहिला.

एकच धागा बदललेला असेल तर माणूस वाहक. तो शेतात राबतो, सहसा त्याला काही त्रास नसतो आणि आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. लपलेल्या बुटकेपणासारखेच हे. पण वाहक मुलाचे वाहक मुलीशी लग्न झाले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता बाळ आजारी असण्याची, चारात दोन वाहक असण्याची, चारात एक पूर्ण निरोगी असण्याची. एकच जण वाहक असेल तर बाळ आजारी होत नाही, फार तर वाहक होते.

इथे एक गैरसमज घात करतो. एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली निघतील, असे लोक समजतात. नाण्याला मागची खेप आठवत नसते. प्रत्येक वेळी वाटणी नव्याने होते, आणि प्रत्येक वेळी चारात एक शक्यता तशीच उभी असते.

म्हणून सुनेला बोल लावू नका. आजारी बाळ दोघांकडच्या धाग्यांमुळे होते. मुलगा की मुलगी हेसुद्धा बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, तिथेही आईचा दोष काढण्यात अर्थ नाही.

उपाय काय? तपासणी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. आधी साधी चाचणी होते, त्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या तपासणीने वाहक की रुग्ण हे पक्के कळते. लग्नाची बोलणी करताना पत्रिका पाहता तशी दोघांची ही चिठ्ठीही पाहा. दोघेही वाहक निघाले तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. लग्न झाले असेल तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. घरात रुग्ण असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या नियमित द्या, पाणी भरपूर पाजा, अंग थंडीने काकडू देऊ नका आणि ताप आला तर घरी थांबू नका. नीट औषधोपचार मिळाले तर हे मूल शाळा शिकते, संसार करते.

आता एवढे करा

१. बियाण्यासाठी बांधीचा चांगला तुकडा आधीच ठरवा. निसवताना आणि कापणीआधी वेगळी दिसणारी झाडे काढा. चुरणी आणि साठवण वेगळी ठेवा.

२. संकरित धानाचे घरचे बियाणे पेरू नका. सुधारित वाणाचे घरचे बियाणे चालते, पण साधारण तीन वर्षांनी प्रमाणित बियाणे आणून बदला, कारण थोडी थोडी भेसळ साचत जाते.

३. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाका. तरंगलेले पोचट काढा, बुडालेले दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

४. ओल्या पोत्याच्या तुकड्यात १०० दाणे गुंडाळून उगवण तपासा. ८० च्या वर उगवले तर बियाणे चांगले.

५. एखादी वेगळी आणि चांगली लोंबी दिसली तर उपटून टाकू नका. खूण बांधा, वेगळी ठेवा, आणि साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या कृषी अधिकाऱ्याला दाखवा.

६. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची सिकलसेल तपासणी करून घ्या.

आणि पोराला सांगा, धान निसवला की वही घेऊन बांधीवर यायचे, बियाण्याच्या तुकड्यातली शंभर झाडे मोजायची आणि वेगळी किती ते लिहायचे. भेसळ किती ते तुम्हाला कळेल, आणि मेंडेलने मठात काय केले ते त्याला कळेल.